निरीक्षकाचा रकाना

काटासाहेबांचा ड्रोन मुळात दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचा होता. बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम तसा बनवला होता, कारण अडीचशे ग्रॅमच्या आतल्या यंत्रांना नियम थोडे आणि सवलती फार. माणसाने तो विकत घ्यावा, पिशवीत टाकावा, कुठेतरी मोकळ्यावर जाऊन उडवावा आणि घरी येऊन जेवावं, इतकं ते सोपं होतं. पण काटासाहेबांनी नोंदणी क्रमांकाची पट्टी त्याच्या पोटाला चिकटवली, लांबून ओळखू यावा म्हणून चारही दांड्यांना नारिंगी टेप गुंडाळली, आणि मग तो घरच्या काट्यावर ठेवला. दोनशे एक्कावन्न भरला.

"काका, पट्टीचं वजन कशाला धरता?" ड्रोन विकणारा दुकानदार फोनवर हसत म्हणाला. "बघायला कोण येणार आहे?"

जगात ज्या एका माणसाला हा प्रश्न विचारू नये, नेमका त्यालाच त्याने विचारला होता. काटासाहेबांनी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. लोखंडी वजनाच्या बुडाला शिशाची गोळी भरलेली असते, तिच्यावर सरकारी शिक्का मारतात. ती गोळी कोरून पाच ग्रॅम कुठे गेले हे त्यांना वजन नुसतं हातात घेतल्यावर कळायचं. बाजारात ते शिरले की काट्यांवरची धूळ आपोआप पुसली जायची. त्यांचं खरं नाव कार्यालयातल्या पाटीवर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. लाच घेत नव्हते, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायचे, आणि माणूस म्हणून कुणाला फारसे आवडत नव्हते. असा माणूस दोन ग्रॅम गिळून टाकेल ही अपेक्षाच चुकीची होती. त्यांनी फॉर्म भरून स्वतःचं यंत्र वरच्या वर्गात घालून घेतलं.

वरच्या वर्गाला नियमांची चोपडी वेगळी. विमानतळापासून इतकं अंतर, जमिनीपासून इतकी उंची, माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही, बॅटऱ्या प्रवासात सामानात न टाकता स्वतःजवळ ठेवायच्या. हे सगळं त्यांच्या आवडीचंच होतं. अडचण एकाच कलमाची होती. चालकाची नजर हातातल्या पडद्यावर असेल तर त्याच्या शेजारी दुसरा माणूस उभा हवा, आणि त्या माणसाने पूर्ण वेळ आकाशातल्या यंत्रावर नजर ठेवायला हवी. त्या माणसाला चोपडीत म्हटलं होतं निरीक्षक.

घरात दुसरं माणूस एकच होतं. मूलबाळ नव्हतं. बायको घरीच शिवणकाम करायची, तिच्या मशीनला लागून एक काचेचं कपाट, त्यात रिळं आणि बटणांच्या बरण्या. काटासाहेबांनी तिला कलम वाचून दाखवलं. तिने तोंडातली टाचणी काढून उशीत खोचली.

"म्हणजे मी तुमच्या खात्यात लागले म्हणायचं," ती म्हणाली.

पुढे नातेवाइकांत ती सांगायची, दोन ग्रॅमसाठी यांनी मला आभाळाला जुंपलं. सगळे हसायचे. काटासाहेबही हसायचे, जरा उशिरा.

निवृत्तीनंतर सहा वर्षं ते दोघं हिंडले. टेकड्या, तळी, बंद पडलेल्या खाणी, नदीची वळणं. तिने शिवणातल्या उरलेल्या कापडाच्या तीन जाड पिशव्या शिवल्या होत्या, एकेका बॅटरीला एकेक. तपासणीच्या ठिकाणी शिपायाने तिची पर्स उघडायला लावली की त्या फुलाफुलांच्या पिशव्या बाहेर यायच्या आणि काटासाहेब मागून लगेच कागद पुढे करायचे. जागेवर पोचलं की ते पडद्यावर वाकायचे आणि ती डाव्या हाताला, दोन पावलांवर, कपाळावर हात धरून उभी राहायची. तिचं काम एवढंच की मनात दहा मोजायचे आणि एकदा म्हणायचं, "दिसतंय." ड्रोनला ती पाखरू म्हणायची.

"दिसतंय," दहा आकडे, "दिसतंय." काटासाहेब त्या आवाजावर निर्धास्त पुढे जायचे. तीनशे मीटर, चारशे, एकदा तर साडेसहाशे.

प्रत्येक उड्डाणाची नोंद वहीत व्हायची. तारीख, जागा, वारा, उंची, अंतर, आणि शेवटचा रकाना, निरीक्षकाच्या नजरेत होतं का. त्या रकान्यात ओळीने "होय" लिहिलेलं होतं. फक्त चौदाव्या ओळीत लाल शाई होती. पहिल्याच वर्षी एका तळ्याकाठी यंत्र जेमतेम तीनशे मीटरवर गेलं असेल, आणि ती म्हणाली होती, "नाही हो दिसत." काटासाहेबांनी तत्क्षणी यंत्र परत बोलावलं होतं, वहीत लाल पेनने लिहिलं होतं, "निरीक्षकाने लक्ष दिले नाही," आणि पुढचे दोन दिवस अवाक्षर काढलं नव्हतं. ओरडले वगैरे नाहीत. ओरडणारा माणूस परवडतो, हा नुसता तोंडात मूग धरून जेवायचा. तिने दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बरं, आता डोळ्यात तेल घालून बघेन."

त्यानंतर तिने एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

काही बारीकसारीक गोष्टी मात्र होत्या, ज्या या बारीक नजरेच्या माणसाच्या ध्यानात आल्या नाहीत. घरी आल्यावर ते चित्रफीत लावायचे तेव्हा ती विचारायची, "हे कुठलं?" तेच ठिकाण, जिथे ती तासभर उभी राहिली होती. आणि एकदा तिच्या भावासमोर ती म्हणाली, "ते उडवताना यांची जीभ डाव्या कोपऱ्यातून बाहेर येते, लहान मुलांची चित्र रंगवताना येते तशी."

"तू वर बघत असतेस," काटासाहेब म्हणाले, "तुला काय कळणार?"

"शिवणाऱ्या बाईला टाका न बघता कळतो," ती म्हणाली, आणि भावाला आणखी भाजी वाढली.

दोनशे नव्याण्णव उड्डाणं झाल्यावर तिनेच सुचवलं की तीनशेवं त्या जुन्या दीपगृहावर करू. समुद्रात शिरलेल्या कड्यावर ते दीपगृह होतं, आणि जवळच छोटी धावपट्टी असल्यामुळे परवानगीशिवाय तिथे काही उडवता येत नव्हतं. अर्ज तिच्या अक्षरात गेला, कारण काटासाहेबांचं अक्षर कुणाला लागत नसे. परवानगीला सात महिने लागले. चौथ्या महिन्यात ती साध्या तापाचं निमित्त होऊन नऊ दिवसांत गेली. सातव्या महिन्यात लिफाफा आला. त्यात तारीख होती, सकाळी आठ ते आठ चाळीस अशी वेळ होती, चालक म्हणून त्यांचं नाव होतं आणि निरीक्षक म्हणून तिचं.

काटासाहेबांनी तो कागद काचेच्या कपाटाला टेकवून ठेवला. मशीनवर अजून अर्धी शिवलेली बाही होती. त्या घरात आता दिवसभर कुणी काही विचारत नव्हतं, आणि ज्याला एकतीस वर्षं लोक बिचकून असत त्या माणसाला भाजीवाल्याशी दोन शब्द जास्त बोलायची चोरी वाटू लागली होती. दुपारी ते उगाच काटा काढून घरातल्या वस्तू तोलायचे. तिच्या चष्म्याचं वजन एकवीस ग्रॅम होतं.

मेहुण्याने ड्रोनला गिऱ्हाईक बघितलं होतं. "भाऊजी, उगाच धूळ खातंय. आणि त्याला दुसरं माणूस लागतं ना?"

"एक उड्डाण राहिलंय," काटासाहेब म्हणाले. "तीनशे झाली की देऊन टाकू. दोनशे अठ्ठ्याण्णव स्वच्छ आहेत, एक डाग आहे. शेवटचंही स्वच्छ व्हायला हवं. तिचा रेकॉर्ड आहे तो."

असं त्यांनी ठरवलं होतं. तिच्या नावावर चांगली वही मिटायची, मग काय व्हायचं ते होवो.

ते एकटेच निघाले. तिन्ही पिशव्या आता त्यांच्याच बॅगेत होत्या, आणि तपासणीच्या शिपायाने फुलाफुलाची पिशवी दोन बोटांत धरून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना कागद पुढे करायचं सुचलं नाही. बरोबर एक छोटा लॅपटॉप होता आणि सगळ्या जुन्या चित्रफिती भरलेली हार्ड डिस्कची डबी होती, कारण एखाद्या अधिकाऱ्याने मागचे पुरावे मागितले तर नाहीत असं व्हायला नको.

बंदराच्या कार्यालयातल्या कारकुनाने परवाना उलटून पालटून पाहिला.

"निरीक्षक बदलायचाय? कारण लिहा."

काटासाहेबांनी लिहिलं, निधन.

"दाखला लागेल त्याला."

काटासाहेबांनी दाखल्याच्या तीन साक्षांकित प्रती टेबलावर ठेवल्या. कारकून जरा वरमला. खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "बसा ना. नवीन निरीक्षक म्हणून कुणाचं नाव घालू?"

हा प्रश्न त्यांनी प्रवासभर टाळला होता. ओळखीतलं एकही नाव त्यांना आठवलं नाही, आणि ते त्या अनोळखी कारकुनासमोर लक्षात यावं याची त्यांना लाज वाटली. शेवटी कारकुनानेच दीपगृहाच्या रखवालदाराला फोन लावला. बावीस वर्षं तो तिथे होता, समुद्रावर नजर ठेवणं हाच त्याचा धंदा होता. यायला तयार झाला.

दुसऱ्या दिवशी आठला पाच मिनिटं असताना रखवालदार चहाची किटली घेऊन कड्यावर आला. जाडजूड, पन्नाशीचा, बोलका माणूस. काटासाहेबांनी त्याला कलम वाचून दाखवलं, कुठे उभं राहायचं ते दाखवलं, दर दहा आकड्यांनी काय म्हणायचं ते सांगितलं.

"एवढंच ना?" रखवालदार म्हणाला. "रोज तेच करतो. फक्त मोठ्याने म्हणत नाही."

हवा शांत होती. आठला यंत्र उठलं. काटासाहेब पडद्यावर वाकले. डावीकडून जाड आवाज आला, "दिसतंय." आवाज परका असला तरी शब्द तोच होता, आणि पाच-सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल पडले. दीपगृहाचा पांढरा खांब खाली गेला, खडकांवरचा फेस दिसू लागला. शंभर मीटर. "दिसतंय." दोनशे. "दिसतंय, बारीक." जिथवर जायचं होतं तो खडकाचा सुळका अजून लांब होता.

"साहेब, आता दिसत नाही."

काटासाहेबांनी अंतर पाहिलं. दोनशे नव्वद.

"नीट बघा. नारिंगी टेप आहे."

"नीटच बघतोय. गेलं ते. ठिपकाही नाही."

"लक्ष नसेल तुमचं," काटासाहेब म्हणाले. "माझी बायको सहाशे मीटरपर्यंत सांगायची."

रखवालदाराने कपाळावरचा हात काढला. रागावला नाही. "साहेब, चार मैलांवरची होडी मी शिडावरून ओळखतो. पण हे तळहाताएवढं पाखरू तीनशे मीटरवर कुणाला दिसणार हो? तुम्हीच बघा की."

काटासाहेबांनी सहा वर्षांत उड्डाण चालू असताना मान कधी वर केली नव्हती. ते काम त्यांचं नव्हतंच, ते निरीक्षकाचं होतं. त्यांनी पडद्यावरून डोळे काढले आणि पडदा ज्या दिशेला सांगत होता तिकडे पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. तिथे निळं आभाळ होतं आणि बाकी काही नव्हतं. आवाजही येत नव्हता.

यंत्राला परत बोलवायचं बटण त्यांनी दाबलं. ते परत येऊन समोर उतरलं. आठ वाजून अकरा मिनिटं झाली होती.

"अजून अर्धा तास आहे की," रखवालदार म्हणाला. "जवळच्या जवळ उडवा. मी आहे."

"नको," काटासाहेब म्हणाले. मग आठवण होऊन म्हणाले, "तुमची चूक नाही. तुम्ही बरोबर सांगितलंत."

रखवालदाराने किटलीतला चहा ओतून दिला. तो त्यांनी प्यायला, आणि पैसे द्यायला विसरले.

राहायच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरी होत्या. काटासाहेबांनी लॅपटॉप उघडून डबी जोडली. सगळ्या फिती पूर्ण होत्या. नातेवाइकांना दाखवताना ते पहिलं आणि शेवटचं अर्धं मिनिट कापायचे, कारण तेव्हा यंत्र जमिनीजवळ असतं आणि चित्रात आपलीच डोकी येतात. आता त्यांनी तेवढाच भाग बघायला घेतला. खात्यात ढिगातून दहाला एक वजन तपासायची रीत होती. त्यांनी रीत सोडली आणि एकपासून सुरुवात केली.

पहिल्या फितीत एक वाकलेला माणूस होता, आणि त्याच्या डाव्या हाताला कपाळावर हात धरलेली बाई. यंत्र वर जात होतं तसतसा तिचा चेहरा त्याच्याबरोबर वर उचलला जात होता. डोळे बारीक केलेले, तोंड किंचित उघडं. दुसऱ्या फितीत तसंच. तिसऱ्या, चौथ्या, तेराव्या फितीत तसंच. चौदाव्या फितीत ते तळं होतं. ती टाचा उंचावून बघत होती. यंत्र परत खाली आलं तेव्हाही तिचा चेहरा सरळ वर होता, घाबरलेला, डोळ्यांतून पाणी येत होतं, कारण सूर्य समोर होता. काटासाहेबांनी ती फीत चार वेळा बघितली.

पंधरावी लावली. कपाळावर हात होता. चेहरा वर नव्हता.

ती त्यांच्याकडे बघत होती. पडद्यावर वाकलेल्या, जीभ कोपऱ्यातून बाहेर आलेल्या त्या माणसाकडे. यंत्र वर जात राहिलं, दोघं लहान होत गेले, आणि जोपर्यंत काही ओळखू येत होतं तोपर्यंत तिची मान तशीच वळलेली होती. उतरतानाही तशीच. यंत्राचा वारा लागून पदर उडाला तेव्हा कुठे तिने वर पाहिलं आणि पटकन कपाळावरचा हात सारखा केला.

सोळा. सतरा. चाळीस. दुपारी खोली झाडणाऱ्या बाईने दार वाजवलं, त्यांनी नंतर या म्हणून सांगितलं. एकशे बारामध्ये ती हसत होती. एकशे नव्वदमध्ये तिने अर्धा लाडू तोंडात टाकला होता. दोनशे तीसपासून तिचे केस पांढरे होते, आणि हे त्यांना आत्ता कळत होतं. कशाच्या भरवशावर ती दर दहा आकड्यांनी दिसतंय म्हणत होती तेही कळलं. या माणसाचा चेहरा शांत आहे, तोवर वर सगळं ठीक आहे. तो बिघडू नये एवढंच तिला बघायचं होतं. तिने ते काम चोख केलं होतं. दिवेलागणीपर्यंत दोनशे साठ झाल्या, उरलेल्या त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिल्या. एकीतही फरक नव्हता.

काटासाहेब रडले. चादरी गोळा करायला आलेल्या बाईने खिडकीतून पाहिलं आणि न बघितल्यासारखं करून ती निघून गेली.

मग त्यांनी वही काढली. वही कुणाचीही असो, खोटं माप ते खोटं माप, यात त्यांच्या मनात आजही शंका नव्हती. तीनशेवी ओळ आधी लिहिली. अंतर दोनशे नव्वद, निरीक्षक रखवालदार, नजरेत होतं का, नाही. लाल शाईने. मग मागे पानं उलटून ते चौदाव्या ओळीवर आले. खात्यात दुरुस्ती करायची पद्धत ठरलेली असते. खाडाखोड करायची नाही, जुनं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी नवं लिहायचं, सही आणि तारीख घालायची. "निरीक्षकाने लक्ष दिले नाही" यावर त्यांनी पट्टी धरून रेघ मारली आणि लिहिलं, "निरीक्षकाने खरे सांगितले." सही केली.

मेहुण्याचा फोन आला. "झालं का तीनशे, भाऊजी? गिऱ्हाईक विचारतंय."

"झालं."

"सगळं स्वच्छ ना?"

"नाही," काटासाहेब म्हणाले. "दोनशे शहाऐंशी चुका आहेत. त्यांतली एकही तुझ्या बहिणीची नाही. गिऱ्हाइकाला थांबायला सांग, मला बराच वेळ लागेल."

पंधरापासून दोनशे नव्याण्णवपर्यंत दोनशे पंच्याऐंशी ओळी होत्या. प्रत्येक "होय"वर रेघ, पुढे "नाही," आणि शेऱ्यात एक वाक्य. खाली नुसतं "वरीलप्रमाणे" लिहून भागलं असतं, सगळी सरकारी खाती तसंच करतात. काटासाहेबांनी प्रत्येक ओळीत ते पूर्ण लिहायला घेतलं. परतीच्या गाडीत ते एकशे दहाव्या ओळीवर होते. डाव्या बाजूची जागा रिकामी होती, तिच्यावर त्यांनी बॅग ठेवली नव्हती. गाडी हलत होती, अक्षर आणखीच बिघडत होतं, पण तेच वाक्य ते ओळीमागून ओळ उतरवत राहिले: "चूक चालकाची, चालकाने एकदाही शेजारी पाहिले नाही."